परदेशात फराळ करणं हे नाटक? मग हे वाचाच

भाजणीवाली
परवा इथे एकांची पोस्ट वाचली. "परदेशात राहून चकल्या तळत बसणं म्हणजे निव्वळ नॉस्टॅल्जियाचं नाटक आहे, आईला सांगा ती डबा पाठवेल, तसंही पोरं खात नाहीत." खाली उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढला, सॉरी.

मी ओहायोत 14 वर्षं आहे. पहिल्या वर्षी भाजणीच्या चकल्या करायला घेतल्या. इथे डाळी-तांदूळ सगळं मिळतं हो, नाही ती गिरणी. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद, अर्धी मूग, धने-जिरे, सगळं धुऊन वाळवून खमंग भाजलं आणि लावलं मिक्सरला. ते काही केल्या पिठासारखं बारीक होईना, दोनदा चाळलं तरी रवाळच. चकली सोऱ्यातून आली की दर अर्ध्या वेढ्याला तुटायची, नवरा म्हणाला ही चकली नाही मोर्स कोड आहे. वर तळताना स्मोक अलार्म बोंबलायला लागला आणि खालच्या मजल्यावरची बाई चपला न घालता वर धावत आली. तीच बाई आता सप्टेंबरपासून विचारते, तुमचं ते गोल काटेरी यंदा कधी?

माझा मुलगा 11 वर्षांचा आहे. मराठीत एक वाक्य धड पूर्ण करत नाही, पण सोऱ्या फिरवायचं काम त्याचं, आणि गेल्या वर्षी पहिला घाणा काढल्यावर चकली मोडून म्हणाला, "आई, मोहन कमी पडलंय." बरोबर होतं त्याचं! आता हे नाटक मी नेमकं कोणाला दाखवायला करते ते सांगा.

डबा_मागवणारा
मीच तो पोस्टवाला. नाटक म्हटलं ते रीलवाल्यांना, दोन चकल्या तळायच्या आणि वीस मिनिटं शूटिंग. तुम्ही अंगाला लावून घेतलंत. आमच्याकडे दोघांची नोकरी, दिवाळी मंगळवारी, पोरांना शाळा. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांना 2024 पासून दिवाळीची सुट्टी मिळते, आमच्या गावात विचारायलाही कोणी नाही. आणि पुण्यात घरगुती फराळ करणाऱ्या बायकांना डबा मागवल्याने चार पैसे मिळतात, त्याचं काय?

खवट_काका
मागवा म्हणे! 2025 ला काय झालं विसरलात का? अमेरिकेने 29 ऑगस्टपासून 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची ड्यूटी माफी काढली, आपल्या टपाल खात्याने त्याच्या आधीच तिकडची पार्सलं घेणं थांबवलं आणि ऑक्टोबरच्या मध्याला परत सुरू केलं, म्हणजे दिवाळी तोंडावर. म्हणून बहिणीने खासगी कुरिअरने पाठवलं (कुठल्या ते विचारू नका, बीपी वाढतं). डबा आला तुळशीचं लग्न उरकल्यावर. उघडला तर अनारशांचा भुगा, करंज्या फुटून सारण चिवड्यात, आणि सगळ्याला एकच वास, खवट तेलाचा. माझा आयडी तेव्हाचा आहे.

अबुधाबीची
तुम्हाला निदान मिळालं तरी. आमच्या यूएईत खसखस आणणं हा गुन्हा आहे, सिंगापूरलाही बंदी आहे. सासूबाईंना दरवर्षी फोनवर सांगावं लागतं की अनारशाला नको, करंजीच्या सारणात चिमूटभरसुद्धा नको. त्या म्हणतात, "चिमूटभराने काय होतंय?" अहो, चिमूटभर खसखशीसाठी मी कस्टमवाल्यांना तोंड देऊ? शेवटी अनारसे इथेच करते आणि तिळावर थापते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सगळं करते. दोन वर्षं अनारसे तुपात हसले, म्हणजे विरघळून पसरले, तिसऱ्या वर्षी जाळी पडली.

मायक्रोग्रॅम
एवढा त्रास कशाला घेता सगळे? मी चकल्या एअर फ्रायरला करते. वरून ब्रशने तेल, अधेमधे एकदा उलटायच्या. ना धूर, ना अलार्म, ना शेजारीण.

खवट_काका
ती चकली नव्हे, ते गोल बिस्किट.

भाजणीवाली
इथे मात्र काकांना दुजोरा. चकली तेलात पडल्यावर जो आवाज येतो, तोच तर दिवाळीचा पहिला आवाज.

पाकातला_लाडू
आवाजाचं सोडा, प्रश्न कुरकुरीतपणाचा आहे. तेलात पडल्यावर उकडीतलं पाणी भराभर वाफ होऊन निघतं, त्याने आत बारीक पोकळ्या होतात, म्हणून चकली खुसखुशीत लागते. गरम हवेत ती हळूहळू वाळते, म्हणून कडक होते. मी दोन्ही करून पाहिल्यात, शेजारी शेजारी ठेवून. एअर फ्रायरवाली वाईट नाही लागत, पण ती वेगळीच वस्तू आहे, तिला नाव वेगळं द्या.

मायक्रोग्रॅम
वा, आता चकलीला पासपोर्ट लागणार. माझ्या नवऱ्याला दोन स्टेंट आहेत. दिवाळीच्या सकाळी सगळे ताटं घेऊन बसतात तेव्हा त्याने काय काकडी खायची? तुम्हा लोकांना खुसखुशीतपणाची पडलीय. आणि संस्कृतीचा मक्ता घेऊन बसलेल्यांपैकी किती जण अभ्यंगस्नानाला पहाटे उठतात तेही कळू दे.

खवट_काका
स्टेंटचं माहीत नव्हतं, त्याबद्दल माफी मागतो. बिस्किट म्हणालो ते मात्र मागे घेत नाही. आणि मी उठतो पहाटे! 2024 ला नरकचतुर्दशी 31 ऑक्टोबरला, बरोब्बर हॅलोवीनला आली. सकाळी उटणं लावून आंघोळ आणि संध्याकाळी नातवाबरोबर भूत होऊन दारोदार. आमच्या मंडळाची दिवाळी त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी होती, हॉल स्वस्त मिळाला म्हणे. या विषयावर मी स्वतंत्र धागा काढू शकतो.

निमूट_वाचक
काढू नका. 😀

मी एरवी लिहीत नाही. पण वाचता वाचता लक्षात आलं की इथे बायका तळतायत आणि पुरुष चकलीची व्याख्या करतायत. माझी आई सांगलीत, वय 69. दरवर्षी चार घरांचा फराळ करायची, एक तिचं आणि तीन आमची, त्यातलं एक अमेरिकेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी उंच स्टुलावर बसून तळलं तिने. आम्ही तिघं भावंडं फोनवर "आई कशाला करतेस एवढं" म्हणायचो आणि त्याच फोनवर पत्ता परत एकदा कन्फर्म करायचो. गेल्या वर्षी तिने पहिल्यांदा लिहिलं की यंदा मला नाही जमणार. फॅमिली ग्रुपवर दोन दिवस कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही.

डबा_मागवणारा
अगदी हेच तर मी म्हणत होतो!

निमूट_वाचक
नाही हो, हे तुम्ही म्हणत नव्हतात. तुमच्या पोस्टमध्ये "आईला सांगा ती डबा पाठवेल" आहे. त्या पुण्याच्या घरगुती फराळवाल्या बायका या धाग्यात उगवल्या.

डबा_मागवणारा
बरं. ती ओळ चुकली. माझी आई स्वतःहून पाठवते, म्हणून तसं लिहून गेलो. "स्वतःहून" म्हणजे काय, ते आता तिला विचारायला हवं बहुतेक.

म्युनिकचा_माळी
पुरुष करत नाहीत असं सरसकट नको. मी 2019 पासून एकटा करतो. पहिल्या वर्षी रवा लाडू केले. इथे रव्याला ग्रीस म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार असतात हे मला कुठलं माहीत, मी उचलला हार्टवायत्सनग्रीस, म्हणजे पास्त्याच्या कडक गव्हाचा. पाक एकतारी झाला होता, सगळं नीट होतं, पण रवा काही फुलला नाही, लाडू खाताना वाळू चावल्यासारखं. वायशवायत्सनग्रीस घ्यायचा, ज्यांना उपयोग होईल त्यांनी लिहून ठेवा. चूक कळली शनिवारी रात्री, आणि रविवारी इथे दुकानं बंद.
काकांचा तिसऱ्या शनिवारचा मुद्दा वाचून जरा लागलं. घटस्फोटानंतर मुलगी माझ्याकडे एक वीकेंड सोडून एक असते. आमची दिवाळी ती येते त्या शनिवारी. पंचांगात काही का असेना.

खवट_काका
तुमचा शनिवार चालेल. मंडळाचा नाही.

मायक्रोग्रॅम
काका विरघळले, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

डबा_मागवणारा
ठीक आहे, सगळे मिळून तुटून पडलात, हरलो. यंदा शंकरपाळी करून बघतो, त्याला निदान सोऱ्या लागत नाही. तुम्हा संस्कृतिरक्षकांपैकी कोणीतरी प्रमाण सांगा. रील करणार नाही, वचन.

भाजणीवाली
एक वाटी तूप, एक वाटी दूध, एक वाटी साखर. एकत्र गरम करा, साखर विरघळली की गॅस बंद. कोमट झालं की त्यात मावेल तेवढा मैदा.

डबा_मागवणारा
मावेल तेवढा म्हणजे किती ग्रॅम??

अबुधाबीची
😂😂 आईला विचारा. प्रमाणच विचारा फक्त, डबा नको.

खवट_काका
एक वाटी तूप जास्त होतं, तेलात विरघळतात. पाऊण घ्या.

भाजणीवाली
काका, 14 वर्षं एकच वाटी घालतेय, एकदाही विरघळली नाहीत.

खवट_काका
वाटी लहान असेल तुमची.

मायक्रोग्रॅम
शंकरपाळी एअर फ्रायरला फार सुंदर होते बरं का.