क्लबमधून कॉलेजात जाताना

लेक फुटबॉल क्लबची कर्णधार आहे, तर अमेरिकेतल्या कॉलेजात पहिल्याच वर्षी मैदानात उतरेल ना, असं तुम्ही विचारलंत. आमच्या घरचं सांगते. ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला आणि चौथ्या रात्री मुलीचा व्हिडिओ कॉल आला. दोन्ही पाय बर्फाच्या बादलीत, आवाज बसलेला. "आई, इथे विचार करायला वेळच मिळत नाही गं." समोर बावीस वर्षांच्या मुली, चेंडू पायाशी येईतो त्या अंगावर आलेल्या असतात. क्लबमध्ये ती एकही सामना बाकावर बसली नव्हती, इथे सप्टेंबर तिथेच गेला. फार जड गेलं तिला, आणि मलाही.

डिव्हिजन 1 चे, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटाचे प्रशिक्षक संघात घेण्याबद्दल दहावीनंतरच्या 15 जूनपासूनच मुलींशी थेट बोलू शकतात, त्यामुळे आधी ईमेलला उत्तर आलं नाही तर मन खट्टू करू नका. डिव्हिजन 3 मध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण म्हणून ते पर्याय सोडू नका.

कॉलेजच्या भेटीला जाल तेव्हा एक जरूर विचारा: तिच्या जागेवर आत्ता किती जणी आहेत आणि त्यातल्या कोण कधी पदवी घेऊन बाहेर पडणार? आम्ही विचारलं नव्हतं.