१४ आठवड्यांचा कोंबडा अचानक पायावर उभा राहीना, आधी काय तपासावं?

काल संध्याकाळी दांडीवर चढला नाही, आज सकाळपासून बसूनच आहे. उठवलं की दोन पावलं टाकतो आणि मटकन खाली बसतो. डोळे तरतरीत, समोर धरलं तर खातो. विष्ठा थोडी हिरवट. जखम किंवा सूज दिसत नाही. सोबत ९ पक्षी, सगळ्यांना लेअर (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य. मरेक्सची (कोंबड्यांना लुळं करणारा विषाणूजन्य आजार) लस झाली होती की नाही, माहीत नाही.

प्रतिसाद १
औषधाआधी पाय कसे पडतात ते बघा. सपाट, न घसरणाऱ्या जागेवर दहा मिनिटं सोडा आणि हात लावू नका. एक पाय पुढे, एक मागे असा पसरला तर पहिला संशय मरेक्सचा. त्यात पायाकडे जाणारी नस सुजते, बहुधा एकाच बाजूची, आणि तुमच्या कोंबड्याचं वय त्यातच बसतं. बोटं आत मुठीसारखी वळली असतील तर व्हिटॅमिन बी-२ ची कमतरता. ती जास्त करून लहान पिल्लांत दिसते. दोन्ही पाय लुळे, मग पंख, मग मान असं चढत गेलं तर कुजलेलं काही किंवा त्यावरच्या अळ्या खाऊन झालेली विषबाधा.

मग दोन्ही पाय एकदम हातात घ्या. मागे वाकणारा सांधा एका बाजूला गरम किंवा फुगलेला लागतो का? तळव्याला काळी खपली आहे का? शेवटी पंज्याखाली आपलं बोट धरा. निरोगी पक्षी ते लगेच आवळतो.

प्रतिसाद २
खाद्य आजच बदला. लेअर खाद्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं, वाढत्या पक्ष्याला साधारण १ टक्का पुरतं. जादा कॅल्शियमचा भार मूत्रपिंडावर पडतो आणि पुढे सांध्यांत युरिक आम्ल साचू शकतं. सगळ्या कळपाला ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) द्या, अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात.

हिरवट विष्ठा बहुतेक वेळा पोटात खाद्य कमी गेल्याची खूण असते. पण शिंका, मान पिळवटणं किंवा आणखी पक्षी बसलेले दिसले तर राणीखेत हा झपाट्यानं पसरणारा आजार असू शकतो. मग वाट बघू नका, पशुवैद्याला लगेच बोलवा.

प्रतिसाद ३
कारण कळेपर्यंत शुश्रूषा सुरू करा. असे पक्षी आजारापेक्षा तहानेनं लवकर जातात, कारण भांडं दोन हातांवर असलं तरी त्यांना तिथवर जाता येत नाही.

जाळीआड ठेवा, म्हणजे कळप दिसेल पण चोचा बसणार नाहीत. खाली रबरी चटई, वर ८-१० सेंटीमीटर लाकडाचा भुसा. दर दोन-तीन तासांनी चोच पाण्यात टेकवा. तोंडात पाणी ओतू नका; श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. ड्रॉपरनं द्यायचंच तर चोचीच्या कडेवर थेंब-थेंब.

बी-कॉम्प्लेक्स असलेलं, पाण्यात विरघळणारं पोल्ट्री व्हिटॅमिन पाकिटावरच्या मापानं द्या. पाणी रोज नवं करा आणि भांडं सावलीत ठेवा, बी-२ उजेडात नासतं. कमतरता असेल आणि नुकतीच असेल तर काही दिवसांत फरक दिसतो. बोटं फार दिवस वळलेली राहिली तर नसेची इजा भरून येत नाही.

छातीच्या हाडाला बसून-बसून फोड येतात. कापडाच्या झोळीला पायांसाठी दोन भोकं पाडा आणि पंजे जमिनीला टेकतील इतक्या उंचीवर दिवसातून दोन-तीनदा १५-२० मिनिटं टांगा. रोज सकाळी खाण्याआधी वजन करून लिहून ठेवा.

धागाकर्ता
बोट धरून पाहिलं. उजवा पंजा आवळतो, डावा अजिबात नाही. डावा पाय पुढे पसरतो. सांधे थंड.

प्रतिसाद १
मग मरेक्सकडेच झुकतं. त्यावर औषध नाही, तरी व्हिटॅमिन चालू ठेवा, त्यानं अपाय नाही. लस साधारण पहिल्याच दिवशी द्यायची असते. सोबतच्या पक्ष्यांना आता देऊन उपयोग नाही, ते त्याच धुळीत वाढलेत. पिसांच्या कोंड्यातून सुटलेला विषाणू खुराड्यात कित्येक महिने टिकतो, म्हणून लस न दिलेली पिल्लं तिथे आणू नका.

खातोय, वजन टिकून आहे, तोवर सांभाळा. वजन रोज घसरायला लागलं किंवा दुसरा पायही गेला तर त्याला ताटकळत ठेवू नका, पशुवैद्याकडून शांतपणे दयामरण द्या. आणि शवविच्छेदन जरूर करून घ्या. शव थंड ठेवायचं, गोठवायचं नाही. बाकीच्या नऊ पक्ष्यांचं काय करायचं ते त्यावरूनच ठरेल.