मगरीच्या घरट्यात थर्मामीटर : बीएस्सीच्या पोराने दोन विषयांत पाय घालावा का?

सूरसागरकाठी: भाचा इथेच बडोद्याला एमएस युनिव्हर्सिटीत बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या डोक्यात विश्वामित्री नदीच्या मगरी शिरल्यात. अंड्यातून नर निघणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरतं: ३२.५ अंशांच्या आसपास नर, त्याहून थंडीत मादी. काठची माती किती तापते, उष्णता किती खोल जाते, हे त्याला झूऑलॉजीवाल्यांसोबत मोजायचंय. ताई म्हणते, आधी स्वतःचे पेपर सोडव. मी म्हणतो, जाऊ दे. तुमचं मत?

दांडियाबाजारी: ताईंचं बरोबर आहे. एक ना धड, भाराभर चिंध्या. आपल्याच युनिव्हर्सिटीचे वेंकी रामकृष्णन बघा. १९७१ ला इथून फिजिक्सची बीएस्सी, १९७६ ला ओहायोतून फिजिक्सचीच पीएचडी. रायबोसोम (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) त्यानंतर, आणि २००९ चं नोबेल केमिस्ट्रीत! आधी एक विहीर पाणी लागेपर्यंत खणली.

मांडवीची माई: चिंध्या कधी येतायत याचीच वाट बघत होते. अहो, पीएचडी हातात घेऊन ते सॅन दिएगोला पुन्हा बायॉलॉजीचे विद्यार्थी होऊन बसले, हे का गाळलंत? बीएस्सीलाच एखादा उन्हाळा शेजारच्या लॅबमध्ये गेला असता तर? त्यांच्या आईची पीएचडी मानसशास्त्रातली, मॅकगिलची, आणि इथे काम पोषणावर. त्या घरात कुणी चिंध्या मोजत नव्हतं.

दांडियाबाजारी: माई, तसं घर किती पोरांना मिळतं? फिजिक्स पक्कं होतं म्हणूनच ते दुसरीकडे उपयोगी पडले. नाहीतर हा पोरगा तिथे नुसता थर्मामीटर धरून उभा राहील.

मांडवीची माई: राहू दे की उभा. आकडा का हलतो हे तिथे कळतं, वहीत नाही.

जुना लॅबवाला: मी दोन विभागांत मिळून प्रोजेक्ट केला होता (कॉलेजचं नाव नको). रिपोर्टवर सही कुठल्या सरांनी करायची यातच पावसाळा आला. दोघांचा लाडका, म्हणजे कुणाचाच नाही. त्यामुळे गाईड एकच धरा, दुसरे मदतीला. आणि मगर वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मधली, म्हणजे कडक संरक्षणातली. वनखात्याच्या परवानगीशिवाय घरट्याजवळ फिरकायचं नाही. मोकळ्या काठची माती मोजा, फिजिक्स तेवढंच आहे. नाही जमलं तर तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी फेलोशिप असते, दोन महिन्यांची. तिथे फिजिक्सचा पोरगा बायॉलॉजीच्या लॅबमध्येही जाऊ शकतो.

दांडियाबाजारी: आणि मार्कांचं? चौथ्या वर्षी रिसर्चसह ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. हा कितीवर आहे?

सूरसागरकाठी: ७१.

दांडियाबाजारी: मग बोलणंच खुंटलं.

मांडवीची माई: खुंटलं काय? तीन सेमिस्टर बाकी आहेत अजून. मार्क टर्मला, मगर सुट्टीत.

सूरसागरकाठी: ताईला अख्खा धागा वाचून दाखवला. ऐकून घेतलं, आणि विचारलं, "२०२४ च्या पुरात रस्त्यांवर आल्या होत्या, त्याच ना या?" आता परवानगी वनखात्याची नव्हे, आधी घरची काढायचीय.