वार आणि मेंदू, दोन्ही
गरोदरपणातील उच्च रक्तदाब हा केवळ वारेचा (गर्भाशयात गर्भाला पोसणाऱ्या अवयवाचा) दोष असून मेंदूचा त्यात काही संबंध नाही, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. सुरुवात बहुधा वारेपासून होते, हे खरे. परंतु रक्तवाहिन्या आकसण्याचे आदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातून निघतात, आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायाच्या मज्जातंतूत बारीक सुई घालून मोजणी केली असता प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढून इतर अवयवांवरही परिणाम होणारा विकार) झालेल्या स्त्रियांत हे संदेश निरोगी गर्भवतींपेक्षा कितीतरी अधिक आढळले, तर प्रसूतीनंतर ते पूर्ववत झाले.

गरोदरपणात दीर्घकाळापासून दिले जाणारे मेथिलडोपा हे औषधही मुख्यतः मेंदूतच काम करून हे संदेश मंदावते. ‘मन शांत ठेवा, रक्तदाब आपोआप उतरेल’ असा याचा अर्थ मात्र मुळीच नव्हे.