जुन्या अंकातल्या लेखाचा स्कॅन वाचकाला पाठवावा का?

खाडीकाठ :
आमच्या गावच्या वाचनालयात मी संध्याकाळचा दोन तास बसतो. परवा डोंबिवलीहून एका मुलाचा फोन. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीवर, प्रबंध लिहितोय, १९७८ च्या एका दिवाळी अंकातला आठ पानी लेख हवाय. तो अंक बंद पडून जमाना झाला. मी मोबाइलवर पानं टिपली, पाठवणार तेवढ्यात कार्यवाह म्हणाले, "नको, कॉपीराइट आहे." हाच मुलगा समोर आला असता तर झेरॉक्स काढायला आम्हीच अंक हातात दिला असता! १९५७ च्या कायद्यातलं कलम ५२ संशोधनासाठी, खासगी वापरासाठी रास्त वापराला मुभा देतं. मग अडलं कुठे?

शाईपेन :
'पाठवण्या'त अडलं. मुभा वाचकाच्या वापराला आहे. मागेल त्याला वाचनालयानं स्कॅन पुरवावा असं तिथे लिहिलेलं नाही. वाचनालयाला तीन प्रती काढता येतात, पण स्वतःच्या वापरासाठी, आणि पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर. २०१२ च्या दुरुस्तीनं डिजिटल प्रत ठेवता येते, तीही जतनासाठी.
माझा झाडांच्या कलमांवरचा लेख असाच कुणीतरी 'एकालाच' पाठवला होता. महिन्याभरात आमच्याच भावकीच्या ग्रुपवर तो मला आला, वरचं नाव कापून. मानधन मिळालं होतं दीडशे रुपये, मनीऑर्डरनं.

वाशिष्ठी :
जतन म्हणजे कपाटात ठेवणं का? २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही चिपळुणात भिजलेली पुस्तकं उलगडत होतो. गुळगुळीत कागदाची पानं वाळली की वीट होते, सुरी घालूनही सुटत नाहीत. एकच प्रत उरलेला लेख कुणाला दिलाच नाही, तर पुढच्या पुरात लेखकासकट गेला समजा.

खाडीकाठ :
आणि २०१६ चा दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्सचा निकाल? विद्यार्थ्यांना पुस्तकांतल्या पानांच्या झेरॉक्स देणाऱ्या दुकानावर खटला भरणारे प्रकाशक हरलेच की.

शाईपेन :
ते शिकवण्यासाठीचं कलम, वेगळं. ब्रिटनमध्ये वाचकाकडून लेखी घेऊन ग्रंथपाल अंकातला एक लेख देऊ शकतो. तसं स्पष्ट आपल्याकडेही लिहा, मी सही करतो. तोवर वारसांना विचारा.

खाडीकाठ :
लेखक १९९१ मध्ये गेले. म्हणजे साठ वर्षांच्या हिशेबानं २०५१ अखेरपर्यंत हक्क वारसांचा. त्यांच्या घराला कुलूप आहे आणि सातबाऱ्यावर बावीस नावं. घराच्या वाटणीलाच एकत्र येत नाहीत, आठ पानांसाठी येतील?

शाईपेन :
एकालाच विचारा हो, तेवढं तरी करा! (आमच्या सातबाऱ्यावर एकतीस आहेत.)

डोंबिवलीकर :
तो मुलगा मीच. भांडा नको. वारसांपैकी एक काकी कळव्याक रवतत, तेंका मी इचारतंय. नायतर गणपतीक येतलंयच, अंक भायर काढून ठेवा. झेरॉक्स मशीन चालू आसा मां?

खाडीकाठ :
मशीन आहे. टोनर येताना घेऊन ये.