वॉर्डातल्या सिस्टर शिकवतात का, हे प्रश्नावलीने कळेल? (चर्चा)

सिडकोची_ट्यूटर:
नर्सिंगच्या पोरी वॉर्डात पोस्टिंगला गेल्या की खरं शिकवतं कोण? कॉलेजची ट्यूटर एक आणि वॉर्ड चार, त्यामुळे सलाईनचा कॅन्युला लावणं असो की ड्युटी बदलताना पेशंटचा हँडओव्हर, दाखवणार स्टाफ सिस्टरच. आणि ते शिकवणं कसं झालं हे आपण विचारतो काय तर "मार्गदर्शन समाधानकारक होते का?" सगळ्या पाचपैकी पाच देऊन मोकळ्या, लॉगबुकवर सही बाकी असते ना! माझं मत, प्रश्नावली आपणच मराठीत बनवावी आणि कसं वाटलं हे न विचारता काय घडलं ते विचारावं. म्हणजे या आठवड्यात सिस्टरांनी समोर उभं राहून प्रोसिजर करून घेतली का, चुकलात तेव्हा पेशंटसमोरच बोलल्या की बाजूला घेऊन. सिस्टरांसाठी वेगळा फॉर्म, कारण शिकवायला ड्युटीत वेळ मिळतो का हे त्याच सांगू शकतात.

नाईटवाली:
राग मानू नका ताई पण अख्खा वॉर्ड दोघींवर, वर अ‍ॅडमिशन चालू, त्यात तुमच्या पोरी, आणि आता मार्कही त्याच देणार आम्हाला? आधी माणसं द्या.

म्हसरूळकर_पीएचडी:
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. घरी बसून प्रश्न लिहिले की प्रश्नावली होत नाही. वॉर्डात शिकवणं कसं होतं हे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना विचारणारी फिनलंडची क्लेस प्लस टी (CLES+T) ही ३४ प्रश्नांची प्रश्नावली २००८ पासून आहे, कितीतरी भाषांत गेलीये. तीच घ्या, मराठी करा, दुसऱ्याकडून उलट इंग्रजी करून ताडून बघा, तज्ज्ञांना दाखवा, थोड्या मुलींवर चाचणी घ्या. आरोग्य विद्यापीठ इथेच नाशिकला, म्हसरूळला आहे, तज्ज्ञांची काय कमी?

सिडकोची_ट्यूटर:
सर, त्यात वॉर्ड मॅनेजरवर एक आख्खा भाग आहे. आपल्याकडे तो कोण, इन्चार्ज सिस्टर की मेट्रन? शब्द बदलून भागणार नाही. आणि क्रोनबाख अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.७० च्या वर आला की लोक पेढे वाटतात, पण एकच गोष्ट पाच वेळा फिरवून विचारली तरी अल्फा चढतोच की.

म्हसरूळकर_पीएचडी:
अल्फाचं मान्य, ०.९५ च्या वर गेला तर मलाही शंका येते. पण तुमचे घडलं-नाही घडलं वाले प्रश्न एकमेकांशी जुळतीलच असं नाही, ज्या सिस्टर छान दाखवतात त्याच सगळ्यांसमोर झापतातही, मग बेरीज करून एक आकडा काढणार कसा?

सिडकोची_ट्यूटर:
नका काढू ना. प्रत्येक उत्तर सुटं वाचा.

थर्डइयर_पंचवटी:
मॅडम, आम्हाला कुणी विचारेल का? एका वॉर्डात आम्ही मोजून सहाजणी, नाव नाही लिहिलं तरी अक्षरावरून ओळखतात. मी तरी खरं लिहिणार नाही. इंटर्नल मार्क लागल्यावर मोबाईलवर भरून घेतलंत आणि तीन-चार वॉर्डांचं एकत्र दाखवलंत तर विचार करीन.

म्हसरूळकर_पीएचडी:
मार्क लागल्यावर म्हणजे तीन महिन्यांनी, तेव्हा "या आठवड्यात" काय घडलं हे आठवेल का तुला?

थर्डइयर_पंचवटी:
सर, पेशंटसमोर काय ऐकून घेतलंय ते आठवतं हो.

नाईटवाली:
आम्हालाही आठवतं, आमच्या वेळचं. सिस्टरांच्या फॉर्ममधे पहिला प्रश्न टाका, त्या दिवशी एका सिस्टरकडे पेशंट किती आणि पोरी किती. तो नसेल तर मी फॉर्म हातात पण घेणार नाही.