'अर्धांगवायूने लाचार': हे मराठी आहे का?

माहीमकर: मदतीच्या फलकांवर हल्ली 'अर्धांगवायूने लाचार झालेले आजोबा' असं सर्रास दिसतं. हे सरळ हिंदीतून उचललंय. हिंदीत लाचार म्हणजे निरुपाय झालेला. मराठीत साहेबापुढे गोंडा घोळणारा. आजोबांचं अर्धं अंग गेलंय, कणा नव्हे.

परळचा पाणिनी: असहमत. 'ला' म्हणजे नाही, 'चारा' म्हणजे उपाय. 'दुसरा चारा नाही' म्हणतो तो हाच फारसी चारा, गुरांचा नव्हे. मूळ अर्थ निरुपायच आहे. मिंधेपणा मागाहून चिकटला.

माहीमकर: चिकटला ना? मग झालं. 'लाचारी पत्करली' म्हणतो आपण, आणि पत्करणं आलं की निवड आली. अर्धांगवायू कोण पत्करतं? 'अगतिक' लिहा. गती म्हणजे चाल आणि मार्गही. 'गत्यंतर नाही'मधली गती तीच.

गिरगाव मुद्रितशोधक: दोघेही विशेषणांत अडकलात. शरीर साथ देत नाही हे मराठी क्रियापदातच सांगते, धातूला 'व' लावून. 'पोहता येत नाही' म्हणजे बहुधा शिकलेलाच नाही. 'पोहवत नाही' म्हणजे येतं, पण अंगात त्राण नाही. 'पोहू शकत नाही'त सगळंच मावतं, डॉक्टरांनी मनाई केली असली तरी. रुग्णाच्या नोंदीत 'उठू शकत नाही' लिहिलं तर अशक्तपणामुळे की पायाला वजन लावलंय म्हणून, हे कळत नाही. 'उठवत नाही' लिहिलं की कळतं.

परळचा पाणिनी: कळतं? 'आजोबांना उठवत नाही' याचा अर्थ त्यांना कोणी जागं करत नाही, असाही होतो. प्रयोजकालाही, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया करवणाऱ्या रूपालाही, हाच 'व' लागतो. 'चढवत नाही'चंही तेच.

गिरगाव मुद्रितशोधक: म्हणून 'ना' काढून 'च्याने' लावायचं: 'आजोबांच्याने उठवत नाही'. गोंधळ संपला. किंवा 'उठवेना'. (आजकालच्या भाषांतरांत हे रूप औषधालाही सापडत नाही, सगळीकडे 'सक्षम नाही'!)

माहीमकर: पण ते बोलण्यातलं झालं. अर्जात काय लिहायचं?

गिरगाव मुद्रितशोधक: अर्जात कायद्याचाच शब्द. 1995च्या कायद्यात 'अपंग' होतं, 2016च्या कायद्यात 'दिव्यांग'. प्रकार 7 होते, ते 21 झाले. राखीव जागांसारख्या सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. तिथे लाचारही चालत नाही, अगतिकही नाही.

परळचा पाणिनी: फलक म्हणजे अर्ज नव्हे. तिथे मी 'लाचार'च ठेवीन.

माहीमकर: ठेवा. आजोबांना वाचून दाखवा मात्र.